नारळ कुणाच्या दारात

मी दुधाला गेले तेव्हा कट्ट्यावर पेढे वाटत होते, आणि मला बघून बंडूने बॉक्स पाठीमागे लपवला.

आमच्या चिंचवेस पेठेतला कट्टा म्हणजे डेअरीसमोरचा दगडी पार. सकाळी तिथे पाच-सात माणसं असायचीच, पण त्या दिवशी अर्धी पेठ जमली होती आणि सगळे एकदम बोलत होते. मी जवळ गेले तसे एकेक करून गप्प झाले. आधी मला वाटलं, माझ्याबद्दलच काहीतरी चाललंय. लग्न करून गेलेली बाई वर्षाच्या आत बापाकडे परत आली की तिला असं वाटायची सवय लागते. पण त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली होती. एवढ्या शिळ्या बातमीवर पेढे कोण वाटणार?

"काय झालं रे बंडू?" मी विचारलं.

"काय न्हाई आक्का. असंच."

"असंच कुणी पेढे वाटतं होय?"

डेअरीवाले पोपटराव मापाने दूध ओतता ओतता म्हणाले, "आता लपवायचं काय त्यात? संध्याकाळी सगळ्या कोल्हापूरला कळायचंच हाय. शालन, सर्जा आलाय. आपला सर्जा इंगवले. तालमीनं फुटबॉलचा कोच केलंय त्याला."

मागून कुणीतरी "राजा आला रेऽ" म्हणून ओरडलं, आणि माझ्यासाठी दाबून धरलेलं सगळं एकदम बाहेर पडलं.

"आता बघाच पाणदरवाजा तालमीची कशी जिरवतोय त्यो!"

"मुंबईत कंपनीच्या टीमकडनं खेळलाय. कोचिंगची परीक्षा पास झालाय."

"लॅपटॉप आणलाय म्हणं. त्यात मॅचा दाखवून शिकवणार."

"पोरगं गुणी हाय," पाराच्या कडेला बसलेले एक म्हातारे म्हणाले, "पर गेलं तवा कुणाला सांगून गेलं होतं काय?"

"गप बसा ओ नाना. सणासुदीचं कशाला ते."

चौकात फ्लेक्सही लागला होता. फ्लेक्स तेव्हा नवीनच आले होते, त्यामुळे सर्जाचा चेहरा इतका मोठा केला होता की त्याच्या दाढीचे खुंटसुद्धा मोजता आले असते. फ्लेक्सखाली स्टेजच्या फळ्या ठोकायचं काम सुरू होतं. एवढ्या सगळ्या गलक्यात आबांचं नाव मात्र कुणी काढलं नाही. कुणी नावं ठेवली असती तर मी भांडले तरी असते.

आबा म्हणजे माझे वडील, रंगराव चौगुले. फौंड्रीतली नोकरी सांभाळून पंचवीस वर्षं तालमीची टीम त्यांनीच सांभाळली. हा सर्जासुद्धा त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. पेठेतली दोन पिढ्यांची पोरं पहाटे मैदानावर त्यांच्या शिव्या खायची आणि तिथून थेट आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात येऊन भिजवलेले हरभरे आणि गूळ खायची. ते हरभरे आधी आई भिजत घालायची, ती गेल्यावर मी.

"आबांना माहीत आहे का हे?" मी विचारलं.

सगळ्यांना एकदम दुधाचे कॅन बघण्यासारखे वाटू लागले. शेवटी तालमीचे सेक्रेटरी दिनकरकाका मला बाजूला घेऊन गेले.

"शालन, आबास्नी तू सांग. लेकीकडनं ऐकलं म्हणजे एवढं लागायचं न्हाई."

"ठरवलं कुणी काका?"

"कमिटीनं."

"मग कमिटीनं सांगायचं."

"अगं, कुठलं तोंड घिऊन जाऊ त्यांच्याफुडं? तीन वर्षं आपण पाणदरवाजाकडनं मार खातोय. पोरं ऐकंनात झाल्यात. मी तरी काय करू?" त्यांनी टोपी काढली, परत घातली. "आनि हे बी सांग, नारळ यंदा चौकात, स्टेजवर फुटणार. दारात न्हाई यायचा."

हे मात्र मी आबांना कसं सांगणार होते?

आमच्या तालमीत मूळ कुस्ती. फुटबॉल नंतर आला, पण शब्द कुस्तीचेच राहिले. कोचला जुनी माणसं अजून वस्तादच म्हणायची. आणि दिवाळीनंतर सीझन सुरू व्हायच्या आधी तालमीतून निघालेला नारळ वाजतगाजत वस्तादाच्या दारात यायचा. वस्तादाने तो उंबऱ्यापुढच्या दगडावर फोडायचा, कॅप्टनला गुलाल लावायचा, आणि मग सगळ्यांच्या पुढे चालत वेशीतल्या मारुतीला जायचं. ज्याच्या दारात नारळ, तो वस्ताद. आणि तो दिवस नेमका आजचा होता.

निघताना बंडूने गुपचूप माझ्या हातात एक पेढा ठेवला. त्याला बिचाऱ्याला काय करावं ते सुचलं नसावं.

घरी आले तर आबा उकिडवे बसून नारळाचा दगड घासत होते. बाजूला पाण्याची बादली, हातात काथ्या.

"आज पोरं आली न्हाईत गं हरभरे खायला," ते मान वर न करता म्हणाले.

"मिरवणुकीच्या गडबडीत असतील."

"असतील." मग त्यांचं माझ्या हाताकडे लक्ष गेलं. "मुठीत काय?"

"पेढा."

"कुणाचा?"

त्या क्षणी मला सगळं सांगता आलं असतं. तोंड उघडलंसुद्धा होतं. पण समोर तो ओला, स्वच्छ घासलेला दगड होता.

"सासन्यांच्या सुनेला मुलगा झाला," मी म्हणाले.

आबांनी माझ्याकडे जरा बघितलं. मग हात धोतराला पुसले, पेढा घेतला, अर्धा मोडून माझ्या हातावर ठेवला आणि अर्धा तोंडात टाकला.

"फक्कड हाय," ते म्हणाले आणि परत दगड घासू लागले.

माझा अर्धा पेढा मी कसाबसा गिळला. स्वयंपाक केला, आबांना वाढलं, त्यांचा गुलाबी फेटा इस्त्री करून खुंटीला लावला. प्रत्येक कामाच्या आधी ठरवायची, हे झालं की सांगायचं. आबा दुपारी जरा आडवे झाले तशी मी चप्पल घातली आणि बाहेर पडले. सर्जाला स्टँडजवळच्या लॉजवर उतरवलंय, एवढं कट्ट्यावर कानावर आलं होतं.

मला वाटलं होतं, खोलीत माणसांची गर्दी असेल. पण त्याला आराम मिळावा म्हणून सगळे निघून गेले होते. सर्जा पलंगावर एकटाच बसला होता. अंगात तालमीचा नवा भगवा-काळा ट्रॅकसूट, खुर्चीवर हारांचा ढीग. तो लॅपटॉप टेबलावर बंदच होता.

"शालनआक्का!" तो धडपडत उठला आणि पाया पडला. "आबा कसे हायत? मी संध्याकाळी येणारच होतो."

"आबांना कुणी सांगितलेलं नाही," मी दारातूनच म्हणाले.

"काय न्हाई सांगितलं?"

"तू त्यांच्या जागेवर आलायस, ते."

त्याचा चेहरा पडला. "आक्का, कमिटी मला म्हणाली, आबांनीच माझं नाव सुचवलं. माझ्यानं आता होत न्हाई, सर्जाला बोलवा म्हणाले. म्हणून तर मी नोकरी सोडून आलो."

मी त्याच्याकडे नीट बघितलं. लहानपणी हा आमच्या डब्यातला गूळ चोरायचा आणि शपथा घ्यायचा, तेव्हा त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. आता तसं काही झालं नव्हतं. खरं सांगत होता.

"मी आत्ता येतो," तो म्हणाला. "पायावर डोकं ठेवतो आणि सांगतो, मला नको हे."

"मग काय होईल? पेठ आबांना परत घेईल? उलट म्हणतील, म्हातारा आडवा आला म्हणून राजा परत गेला."

तो मटकन पलंगावर बसला. खालच्या रस्त्यावर फटाक्यांची माळ वाजली.

"नारळ स्टेजवर का?" मी विचारलं.

"मला दार कुठाय पेठेत?" तो म्हणाला. "आई-वडील गेल्यावर घर विकलं. सेक्रेटरी म्हणाले, लॉजवर नारळ आणला तर शोभंल काय? म्हणून स्टेज बांधलं." मग खुर्चीवरच्या हारांकडे बघून म्हणाला, "सकाळपास्नं शंभर माणसं भेटली आक्का. सगळ्यांनी फोटो काढले. जेवलास का, असं एकानं विचारलं न्हाई."

मीही विचारलं नाही. मला तेव्हा त्याचा राग आलेला होता.

"नारळ आमच्या दारात आण," मी म्हणाले.

"आणि?"

"आणि काही नाही. स्टेजवर भाषणं करा, काय हवं ते करा. पण नारळ आमच्या दगडावर फुटला पाहिजे. ते सकाळपासून दगड घासतायत सर्जा."

त्याने मान खाली घातली. "आणतो. कमिटी काय म्हणायची ती म्हणू दे."

"आणि मी इथं आले होते हे कुणाला कळता कामा नये. आबांना तर मेल्यावरसुद्धा नाही."

"न्हाई कळणार."

परत येईपर्यंत आबा उठले होते. फेटा त्यांनी स्वतःच बांधला. एरवी शेमल्याचं टोक धरायला मला हाक मारायचे, त्या दिवशी आरशासमोर उभं राहून दोनदा सोडला आणि दोनदा बांधला. मग दारात येऊन उभे राहिले. शेजारच्या काकूंनी बघितलं आणि खिडकी हळूच लावून घेतली. पेठेत आबा सोडून सगळ्यांना सगळं माहीत आहे, असं मला तेव्हा वाटत होतं.

उन्हं कलली आणि तालमीकडून हलगी ऐकू आली. मी आरतीचं ताट घेऊन सोप्यात उभी होते. आमची गल्ली मुख्य रस्त्याला फुटते तिथे वळायचं सोडून सरळ गेलं की चौक. आवाज जवळ आला, गल्लीच्या तोंडाशी आला आणि पुढे निघून गेला.

आबांनी फेट्यावरून हात फिरवला.

आणि मग हलगी थांबली. आरडाओरडा ऐकू आला, दिनकरकाकांचा चिरका आवाज ऐकू आला, "अरं, तिकडं न्हाई! स्टेजकडं! आमदारसाहेब थांबल्यात!" थोडा वेळ नुसताच गोंधळ. मग हलगी पुन्हा सुरू झाली आणि या वेळी ती गल्लीत शिरली.

सगळ्यांच्या पुढे सर्जा होता, दोन्ही हातांत नारळ धरून. मागे गल्ली गच्च भरली होती. दाराजवळ आल्यावर वाजवणारे आपोआप थांबले. सगळे आबांकडे बघत होते आणि आबा सर्जाकडे.

"आबा, फोडा," सर्जा म्हणाला.

आबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पोट सुटलंय की रं तुझं," ते म्हणाले.

माणसं हसली. सगळ्यांनाच हसायची फार गरज होती. आबांनी नारळ घेतला, कपाळाला लावला आणि एका दणक्यात फोडला. पाणी दगडावरून ओघळलं. ताटातला गुलाल घेऊन त्यांनी कॅप्टनच्या कपाळाला लावला. चिमटीत थोडा उरला होता. तो त्यांनी जरासा तसाच धरला आणि मग सर्जाच्या कपाळाला लावला.

त्यानंतर जो आवाज झाला, तो मी पेठेत पुन्हा कधी ऐकला नाही. "आपला कोच कोण? सर्जाऽ!" कुणीतरी सर्जाला खांद्यावर घेतलं. हलगी कडाडली. गुलालाची पोती रिकामी झाली. आणि सगळी गर्दी आली होती तशी वळून बाहेर निघाली.

आबा चप्पल घालायला लागले. दरवर्षी नारळ फुटला की वस्ताद पुढे चालायचा, म्हणून. एक पाय घातला, दुसरा पाय चपलेत सरकवायच्या आधीच गल्ली रिकामी झाली होती. मुद्दाम कुणी सोडून गेलं नव्हतं. कुणी ढकललं नाही, कुणी वाकडं बोललं नाही. त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. फक्त सर्जा खांद्यावरून मागे वळून आमच्या दाराकडे बघत होता, गर्दी कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत होता. त्याला खाली उतरायचं असेलही, पण त्याला उतरवणार कोण?

आबांनी एका पायातली चप्पल काढली, दोन्ही जोडीने भिंतीला लावून ठेवल्या.

"च्या टाक," ते म्हणाले.

झोपायच्या आधी मी विचारलं, "हरभरे भिजत घालू?"

"घाल की," आबा म्हणाले.

मी पातेलंभर हरभरे भिजत घातले. दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. सर्जाने मैदानावरच उकडलेली अंडी आणि केळी सुरू केली होती, पुस्तकात तसं असतं म्हणे. आम्ही दोघांनी हरभऱ्यांची उसळ खाल्ली. तिसऱ्या दिवशीही खाल्ली. उरलेल्यांना लांब मोड आले, ते मी शेजारच्या काकूंच्या म्हशीला घातले. सकाळी घर इतकं शांत असायचं की आबांचं दात घासणंसुद्धा ऐकू यायचं. मला त्या पोरांचा, त्यांच्या चिखलाच्या बुटांचा वर्षानुवर्षं वैताग यायचा. आता सोपा झाडायला घेतला तर केर निघायचा नाही, आणि मला रडू यायचं.

सर्जा एकदा येऊन गेला. बेंचवर सल्लागार म्हणून बसा म्हणाला. आबा म्हणाले, "वस्ताद एकच असतोय." चहा पिऊन तो गेला.

पहिली मॅच पाणदरवाजाशीच होती. आबांनी सकाळीच आंघोळ उरकली आणि मला म्हणाले, "चल, येतीस काय?" इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी मॅचला चल म्हटलं नव्हतं. स्टेडियमवर पोचल्यावर ते सवयीने खेळाडूंच्या गेटकडे निघाले, चार पावलं गेल्यावर थांबले, आणि माझ्याबरोबर प्रेक्षकांच्या पायऱ्या चढू लागले.

वर आमच्या पेठेची माणसं भगवे-काळे झेंडे घेऊन बसली होती. आबांना बघून सगळे उठले, "या आबा, या, बसा" म्हणत सरकले. इतके सरकले की आमच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळीच राहिली आणि ती शेवटपर्यंत कुणी भरली नाही. आबा मांडीवर हात ठेवून बसले. बराच वेळ मैदानाकडे बघत राहिले.

"इथनं सगळं दिसतंय की गं," ते म्हणाले. "खाली बेंचवरनं नुसत्या तंगड्या दिसायच्या."

मॅच सुरू झाली. एकदा आमची डावी बाजू उघडी पडली तसा त्यांचा हात वर गेला, मागे सरका म्हणून खुणावायला. खाली कुणी बघत नव्हतं. त्यांनी तो हात हळूच खाली आणला आणि त्याच हाताने मान खाजवली.

मध्यंतराच्या जरा आधी आमचा गोल झाला. अख्खी पेठ उभी राहून नाचली. बंडू पेढ्यांचा बॉक्स घेऊन पायऱ्यापायऱ्यांवर फिरला, आमच्यापुढेही आला. आबांनी एक पेढा उचलला, मोडला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला.

"हा कुणाचा?" त्यांनी मला विचारलं.

"गोलचा."

"मला वाटलं, सासन्याची सून पुन्हा बाळंत झाली."

मी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं.

"सासन्याची सून दिवाळीआधीच बाळंत झालीया," आबा म्हणाले. "मुलगी झाली. बारशाला मीच गेलतो. आनि बंडू फुटबॉल सोडून कशाचे पेढे वाटतोय व्हय?"

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"पेढा तोंडात टाकला तवाच. आनि चौकातलं स्टेज काय मला दिसत न्हाई?"

"मग फेटा बांधून दारात का उभे राहिलात आबा? सगळ्या पेठेसमोर?"

खाली खेळाडू मैदानातून बाहेर येत होते.

"कोच काय, कमिटी करती," ते म्हणाले. "उद्या आनि कुणाला करंल. पर नारळ पेठ आणती. म्हटलं बघू तरी, पेठ नारळ कुणाच्या दारात न्हेतीया. तुला खरं सांगू? हलगी फुडं गेली तवा मी संपलो होतो. वाटलं, झालं, एवढंच होतं आपलं." ते माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे भरले होते, पण तोंडावर हसू होतं. "आनि मग वळली बघ. कुणी सांगितलं न्हवतं, कुणी बोलावलं न्हवतं. आपणहून वळली."

"हो आबा," मी म्हणाले.

खाली बेंचपाशी सर्जा उभा होता. डोळ्यांवर हात धरून तो वर आमच्या पायऱ्यांवर कुणालातरी शोधत होता. त्याला आम्ही दिसलो असू. मी दुसरीकडे बघितलं.

ती मॅच आम्ही जिंकलो. पुढे सर्जा पाच सीझन कोच होता, मग कमिटीने दुसऱ्या कुणाला तरी आणलं आणि तो मुंबईला परत गेला, ते मला कट्ट्यावरून कळलं. आबा त्यानंतरही काही वर्षं होते. घरी येईल त्याला ते हलगी आपणहून वळल्याची गोष्ट सांगायचे. येणारे कमी होत गेले, मग कुणीच येईना. तेव्हा मलाच सांगायचे. गल्लीच्या तोंडाशी येऊन हलगी पुढे गेली, इथवर आले की दर वेळी थांबायचे आणि माझ्याकडे बघायचे.

आणि दर वेळी मी विचारायची, "मग काय झालं आबा?"